पांढरी एक

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी आटोपली. आमची पूर्वी पहाटे निघाली, बंगलोरला पोचल्याचा फोन आत्ता आला. लेक गेली की बारामतीचं हे घर एकदम मोठं होतं. आता मी, यजमान दत्तोपंत आणि डबाभर चिवडा.

दुपारी जवळच्या कन्हेरी गावाहून फुलाबाई आली. तिथल्या महिला भजनी मंडळाची ही मुख्य गायिका. घरचा ऊस, घरचे ट्रॅक्टर, आणि आवाज असा की आमच्या शोकेसमधल्या कपबशा थरथरतात. दत्तोपंत साखर कारखान्यात केमिस्ट होते तेव्हापासून तिच्या मालकांची आणि त्यांची ओळख. चहा घेता घेता म्हणाली, आमची पेटीवाली कुशाबाई हौदापाशी घसरली, मनगट मोडलं. जानेवारीत इंदापूरला भजनाची स्पर्धा हाय. तिचा हात बसंस्तोवर तुमी येता का मॅडम?

मी म्हणाले, विचार करून सांगते. विचार करण्यासारखं काही नव्हतं, पण पहिल्या हाकेला हो म्हणू नये असं आम्हाला शाळेत शिकवलेलं. तिला फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि तिथे हो म्हणून टाकलं.

आयुष्यभर मी एकटीनेच वाजवलं. आधी कॉन्व्हेंटमधला पियानो, मग मधली कितीतरी वर्षं काहीच नाही, मग पूर्वीने घेऊन दिलेला कीबोर्ड. चार जणींत बसून वाजवावं, एकीने सूर टाकावा, दुसरीने झेलावा, हे एकदा तरी माझ्या वाट्याला यावं. साठी उलटली. आता आलं नाही तर यायचं नाही.

संकल्प: या मंडळात कायमची जागा. आणि इंदापूरची ट्रॉफी.

कुशाबाईचा हात बरा होवो. पण घाई नको. घाईने सांधलेलं हाड पुढे त्रास देतं.

५ नोव्हेंबर, मंगळवार, संध्या. ७

दुपारी पहिला सराव. कन्हेरीच्या देवळाचा सभामंडप. सगळ्या सतरंजीवर, मी प्लास्टिकच्या खुर्चीवर. माझ्या गुडघ्यांमुळे. पण त्यामुळे एक झालं, मी सगळ्यांना दिसत होते आणि सगळ्या मला. जणू कंडक्टर.

फुलाबाई काळी चारच्या पट्टीत गाते. मी पांढरी एकला वाजवते. लहानपणी मला पांढऱ्या एकवर बसवलं आणि मी तिथून हलले नाही. निष्ठा म्हणतात तिला. कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाचं बटण आहे. ते उणे चारवर नेलं की मी माझी पांढरी एक वाजवते आणि बाहेर आवाज काळी चारचा येतो. कोणाला काही सोडावं लागत नाही.

फुलाबाईला मात्र शिस्त नाही. एकच ओळ पाच-सहा वेळा म्हणाली आणि दर वेळी वेगळीकडून. मी हात वर करून विचारलं, यातली खरी कोणती? सगळ्या हसल्या. मृदंगवाली सारजा म्हणाली, तिलाच म्हायती न्हाय मॅडम, तुमाला कुठनं सांगणार.

इथे माझी किती गरज आहे हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर बसून काम केलं. मोबाईलवर रेकॉर्ड केलेल्या फुलाबाईच्या जागा नोटेशनमध्ये उतरवल्या. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कुठे डोळे मिटायचे. वर नाव घातलं: ‘उत्स्फूर्त जागा’. सगळ्यांसाठी झेरॉक्स काढून आणल्या. उत्स्फूर्तता चांगलीच, पण ती आधी ठरलेली असली की गोंधळ होत नाही.

दत्तोपंतांनी कागद चष्म्याखालून पाहिला. म्हणाले, यात शिंक कुठे घ्यायची ते राहिलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कागद वाटले. फुलाबाईने विचारलं, हे काय? म्हटलं, तुम्ही मागच्या मंगळवारी गायलात ते. ती म्हणाली, ते मागल्या मंगळवारचं की वो. आज काय त्याचं?

सराव संपल्यावर प्रसादाचे फुटाणे वाटले. माझ्या कागदांच्या पुड्या करून. कागद जाड होता, सांडले नाहीत. वाईट वाटून घेतलं नाही. मूळ प्रत माझ्याकडे आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज उगाच सिस्टर बर्नडेटची आठवण. पुण्याची शाळा, पाहुण्यांना बसवायच्या पार्लरमधलं पॉलिशचा वास येणारं लाकूड, उंच खिडक्या, आणि सिस्टरच्या पांढऱ्या बाह्यांना येणारा कांजी आणि कापराचा वास. जगात इतकी स्वच्छ जागा मी पुन्हा पाहिली नाही.

एकदा एका धड्याच्या शेवटी मी माझ्याच मनाने दोन-तीन सूर लावले. चिमणी तारेवरून उडावी तसे. काही कारण नव्हतं, सुचले. सिस्टरने पियानोचं झाकण सावकाश मिटलं. बोटं आत होती. फार नाही लागलं. म्हणाली, लिहिलंय तेवढंच वाजव, मुली. देवानेसुद्धा सगळं लिहूनच ठेवलं आहे.

किती माया होती त्या बाईत. आता कोण कोणाला इतकं मन लावून शिकवतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

फुलाबाई आज मधेच थांबली. म्हणाली, मॅडम, राग मानू नका, तुमी वाजिवताना आयकत न्हाय. आपली पाळी कवा येती त्याची वाट बघता.

म्हणजे मी संयमी आहे. बाकी कोणी पाळीची वाट बघत नाही, सगळ्या एकदम सुरू होतात. घरी येऊन दत्तोपंतांना सांगितलं, आज फुलाबाईने माझ्या संयमाचं कौतुक केलं. ते म्हणाले, छान. आणि पेपर उलटा धरला होता तो सुलटा केला.

१० डिसेंबर, मंगळवार

कुशाबाईचं प्लास्टर निघालं. आज सरावाला आली, माझ्या खुर्चीमागे बसली. सुकलेली, हसरी बाई. मनगटावर अजून पट्टी. मी वाजवत असताना ती मांडीवर बोटं फिरवत होती. मी मुद्दाम वळून पाहिलं, मी वाजवत होते त्याच्याशी त्या बोटांचा काही संबंध नव्हता. बिचारीचा हात अजून ताब्यात नाही.

निघताना फुलाबाईला सहज विचारलं, यांचं आता कसं? ती म्हणाली, इंदापूर होऊद्या. साहेबांना तसं बोललेय मी. कुठल्या साहेबांना ते विचारायचं राहून गेलं. स्पर्धेचे कोणीतरी असतील.

२४ डिसेंबर, मंगळवार

मोठा दिवस. फुलाबाईने आज मला जागा दिली. म्हणजे असं: ओळ म्हणायची, मग थांबायचं, ठेका चालू ठेवायचा आणि तेवढ्या वेळात पेटीवालीने आपल्या मनाचं काय ते बोलायचं. मग ती बोलली त्यातलंच काही उचलून गाणारीने पुढे जायचं. माझ्याकडे मान वळवून म्हणाली, बोला मॅडम.

मी तयारीत होते. शाळेच्या वार्षिक दिनाला वाजवलेला वॉल्ट्झ मला अजून पाठ आहे. तोच वाजवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझी जागा होती, मी माझ्या वेळाने संपवली. डोळे उघडले तर सगळ्या थांबलेल्या. टाळ मांडीवर, सारजाचे हात मृदंगावर पालथे, फुलाबाई पदराने वारा घेत होती. इतक्या आदराने थांबणं हल्ली कुठे दिसतं?

सारजा म्हणाली, मॅडम, आमची आठ पायाची बैलजोडी चाललीया, तुमी मधीच तीन पायाचं स्टूल जुपलं.

हशा. मीही हसले. भजनाचा ठेका आठ मात्रांचा असतो आणि वॉल्ट्झ तीनचा, हे मला माहीत आहे. पण कलेत थोडा ताण हवा.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. दुपारी दार लोटून घेतलं आणि जुनी कॅरल वाजवली. शेवटच्या कडव्यापाशी सवयीने थांबले, शाळेत तिथे मागच्या बाकावरच्या मुली वरचा सूर धरायच्या. थांबले तेव्हा फ्रिजचा आवाज आला. दत्तोपंत झोपले होते.

१२ जानेवारी, रविवार

इंदापूर. दुसरा क्रमांक!!

नीट लिहून ठेवते, कारण आज जे घडलं ते रोज घडत नाही.

फुलाबाईच्या जीपने गेलो. मंगल कार्यालय भरलेलं. आमचा नंबर जेवणानंतर. सगळं उत्तम चाललं होतं. दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर मला फुलाबाई नीट दिसेना म्हणून मी खुर्ची जराशी मागे सरकवली, आणि त्याच क्षणी लाइट गेली. फक्त माझ्या कीबोर्डची. स्टेजवरच्या ट्यूबा, पंखे, माइक सगळं चालू. इकडचं वायरिंग विचित्रच. कुशाबाईने वाकून काहीतरी केलं आणि लाइट आली.

पण कीबोर्ड बंद होऊन चालू झाला की ट्रान्सपोज शून्यावर जातो. माझ्या ध्यानात येईपर्यंत मी वाजवायला लागले होते. मी खरोखरच्या पांढऱ्या एकला, आणि त्या सगळ्या काळी चारला. क्षणभर असा आवाज झाला की पुढच्या रांगेतल्या बाळाने रडायचं थांबवलं.

दुसरी कोणी असती तर हात उचलला असता. मी उचलला नाही. फुलाबाईने माझ्याकडे पाहिलं. मग कुशाबाईकडे. मग डोळे मिटले, एक लांब सूर धरला, आणि तो सूर धरूनच तिची पट्टी सरकत माझ्या पांढऱ्या एकवर येऊन बसली. मागोमाग सगळ्या. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. गळ्याच्या शिरा टरटरून फुगल्या होत्या तिच्या, तिला ते फार वर जात होतं, पण आली. सगळ्याजणी आल्या. माझ्याकडे!

अंगावर काटा आला. अजून आहे.

सारजाचं मात्र चुकलं. पुढचा सगळा अभंग ती मृदंगाची उजवी बाजू सोडून नुसती डावी, कणकेची बाजू घुमवत राहिली. ऐन स्पर्धेत असं विसरणं बरं नव्हे. तिच्याशी बोलायला हवं.

परीक्षक म्हणाले, गंधाराला षड्ज करून चालू अभंगात पट्टी बदलणं सोपं नाही. असं धाडस एक तर मोठ्या रियाजाने होतं, नाहीतर... पुढचं टाळ्यांत ऐकू आलं नाही.

परत येताना जीपमध्ये सगळ्या गप्प होत्या. भारावून.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

तिळगूळ घेऊन कन्हेरीला गेले. फुलाबाई बोलली नाही. म्हणजे बोलता येत नव्हतं, घसा बसलाय. डॉक्टरांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. गरम पाण्याचा पेला दाखवून हसली. मी म्हटलं, आवाजाला नवी उंची मिळताना असं होतंच. तिने पेल्यातलं पाणी बराच वेळ पाहिलं.

सारजाला उजव्या हाताचं सांगितलं. ती म्हणाली, मॅडम, मृदंग काळी चारला लावलेला. तुमी दुसरीकडं गेल्यावर उजवी थाप मारली असती तर परीक्षकानं चप्पल मारली असती. मी म्हटलं, आधी सांगायचं होतंत. ती म्हणाली, कोन? मी?

गोड बाई आहे. थोडी फटकळ.

१८ जानेवारी, शनिवार

इंदापूरमुळे नाव झालं. नरसिंहपूरहून बोलावणं आलंय, दोन फेब्रुवारीला देवळात भजन.

मी फार विचार केला. इंदापूरला जे झालं त्याला लाइट जाणं निमित्त होतं. खरं कारण, मी ठाम राहिले आणि त्या माझ्यामागे आल्या. मग निमित्ताची वाट कशाला बघायची? नरसिंहपूरला दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर मी स्वतः बटण दाबून शून्यावर जाईन. त्या येतील. लोक थक्क होतील.

पूर्वीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आई, त्यांना आधी सांगून ठेव ना. मी म्हटलं, अगं, सांगून केलं तर ते उत्स्फूर्त कसं? ती म्हणाली, पण तू तर ठरवून करणार आहेस. मुलांना एका वयानंतर आईशी फक्त वाद घालायचा असतो.

२८ जानेवारी, मंगळवार

सराव. फुलाबाईचा आवाज परत आलाय पण वरचा भाग खरखरीत. दोनदा खोकली. कीबोर्डचा प्लग सुतळीने बोर्डाला बांधून बघितला, नरसिंहपूरला असाच बांधायचा म्हणाली. माझ्या वाद्याची केवढी काळजी!

२ फेब्रुवारी, रविवार

नरसिंहपूर. आज दमले आहे. तरी लिहिते.

देऊळ सुंदर. घाटाच्या पायऱ्या उतरल्या की खाली भीमा आणि नीरा एकमेकींत मिसळतात. मी म्हटलं, बघा, यालाच जुगलबंदी म्हणतात. सारजा म्हणाली, हळू उतरा मॅडम, शेवाळ हाय.

दुसरा अभंग. मध्य. मी बटण दाबलं.

फुलाबाईने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान हलवली, या म्हणून. ती आली नाही. मी जरा मोठ्याने वाजवलं. इंदापूरला थोडा वेळ लागला होताच. कोणी आलं नाही. त्या काळी चारवर, मी पांढरी एकवर. सारजा तर मृदंगाची उजवी बाजू जास्तच जोरात वाजवत होती. मला वाटलं आता येतील, या ओळीला येतील, पुढच्या ओळीला नक्की. आवाजाचं बटण होतं तेवढं वर नेलं. गाभाऱ्यापाशी बसलेले एक आजोबा उठून बाहेर गेले.

मग कुशाबाई उठली. सुतळी सोडली. प्लग काढला. तिने मागे कापडाखाली झाकलेली पेटी पुढे ओढली, आणि त्याच ओळीच्या शेवटाला वाजवायला लागली. जणू पहिल्यापासून तीच वाजवत होती. पेटी येताना जीपमध्ये मागच्या सीटखाली होती. इंदापूरलाही होती म्हणे.

उरलेला कार्यक्रम मी वाजवला. आवाज येत नव्हता. पण सगळ्यांसमोर उठून जाणं बरं दिसलं नसतं.

जीपमध्ये मी म्हटलं, आज तुम्ही आला नाहीत. मग फुलाबाई बोलली. इंदापूरपर्यंत बोलत होती. म्हणाली, इंदापूरला तुमच्या खुर्चीनं वायर उपटली. चुकून झालं, बाई एकली पडंल म्हणून आमी आलो. घसा फुटला माझा. आज तुमी जाणूनबुजून गेला. आमी गात हाय का मेलोय, बघितलं तरी का तुमी?

मी म्हटलं, अहो, पण संगीतात अचानक काही करावंच लागतं. फुलाबाई म्हणाली, रोज अचानकच करतो की आमी. पर दुसरीचा पाय बघून.

सारजा खिडकीबाहेर बघत म्हणाली, माझ्या मृदंगाला बटन न्हाय मॅडम.

फुलाबाईचा राग तेवढ्यावर थांबला नाही. म्हणाली, साहेबांनी शब्द टाकला म्हणून घेतलं तुमाला. आमचे मालक म्हणले साहेबांना न्हाय कसं म्हणायचं. न्हायतर कुशाबाईची भाची वाजवती की चांगली.

कुशाबाई म्हणाली, जाऊद्या गं, दमल्यात त्या.

बारामती येईपर्यंत कोणी बोललं नाही. मीही नाही. घसा जपायला हवा सगळ्यांनीच.

३ फेब्रुवारी, सोमवार

दत्तोपंतांना विचारलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, म्हणजे खरंच होतं. म्हणाले, कारखान्याच्या सभेत तिचे मालक भेटले, पेटीवालीचं बोलत होते, मी म्हटलं आमच्या घरी एक आहे. तू दिवसभर एकटीच वाजवत असतेस. चार बायकांत जाशील, बरं वाटेल.

मग आणखी खरं बोलले. म्हणाले, आणि मंगळवारी तरी दुपारची झोप होईल म्हटलं.

विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, सांगितलं असतं तर तू ते नोटेशनमध्ये लिहून काढलं असतंस.

जेवले नाही. नंतर जेवले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चार वाजता तयार होऊन बसले. सरावाचा निरोप आला नाही. कन्हेरीला रेंजचा प्रॉब्लेम असतोच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

निरोप नाही. ऊसतोड चालू आहे, बायका कामात असणार. फुलाबाईचा ऊस डिसेंबरातच गेला, असं दत्तोपंत म्हणाले. कोणी विचारलं होतं?

संध्याकाळी कीबोर्ड उघडला. बटणाला हात लावला नाही. पांढरी एक सोडली आणि काळी चार धरून बसले. बोटं अडखळतात. काळ्या पट्ट्या अरुंद, बोट घसरतं. सगळं नव्याने शोधावं लागतं, लहान मुलासारखं. चुका झाल्या. ऐकायला कोणी नव्हतं, तेव्हा चुका तरी कशाला म्हणायच्या.

एका जागी बोट घसरून भलत्याच पट्टीवर गेलं आणि ते बरं वाटलं. पुन्हा तसं करायला गेले तर जमलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज फुलाबाई स्वतः आली! हळदीकुंकू लावलं. म्हणाली, येत्या रविवारी मंडळाचा वर्धापनदिन. झालं गेलं जाऊद्या मॅडम, तुमी यायचंच. जीप पाठवते.

मी म्हटलं, येईन. काळी चारला येईन. ती म्हणाली, कशालाबी या, पर या.

मला माहीत होतं. हाताशी धरलेली माणसं अशी सुटत नाहीत. कुशाबाईचं मनगट थंडीत दुखतं, मागेच बोलली होती. त्यांना मी लागणारच.

रोज सकाळ-दुपार काळी चार. दत्तोपंत गच्चीवर झोपायला जातात. ऊन आहे म्हटलं, तर म्हणाले, असू दे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन अभंग बटणाशिवाय जमतात. सगळेच्या सगळे नाही, पण सावकाश असेल तर जमतात. उद्या फुलाबाई बोला मॅडम म्हणाली तर वॉल्ट्झ वाजवणार नाही. तिने जिथे सोडलं असेल तिथून उचलणार. काय उचलणार ते लिहून ठेवलेलं नाही. भीती वाटते.

मोरपंखी साडी. जीपच्या मागे कीबोर्डला जागा असेल ना, विचारायला हवं.

२३ फेब्रुवारी, रविवार

मांडवात पुढच्या रांगेत मोठी खुर्ची होती, तिच्यावर माझं नाव. प्रमुख पाहुण्या. मला वाटलं आधी सत्कार, मग वाजवणं. नारळ फोडला, दिवा लावला, शाल मिळाली. मग मी स्टेजच्या पायरीकडे वळले तर फुलाबाईच्या सुनेने हाताला धरून परत खुर्चीवर बसवलं. म्हणाली, मॅडम, तुमाला हितनं चांगलं दिसंल.

चांगलं दिसत होतं. पेटीवर कुशाबाई. कीबोर्ड जीपमध्ये.

मी कधी समोरून ऐकलं नव्हतं यांना. मनात ठरवत होते, आता फुलाबाई इथे वळेल, आता इथे थांबेल. ती दुसरीकडेच जायची. एकदाही बरोबर आलं नाही माझं. कुशाबाईला एकदा मनगटात कळ आली आणि तिचा हात उचलला गेला. लगेच सारजाने ठेका असा पसरला, फुलाबाईने त्याच सुरावर असा लांब मुक्काम केला, की मांडवात कोणाच्या लक्षात आलं नाही. कुशाबाईने हात झटकला आणि परत आली. तिघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही.

टाळ्या वाजवल्या. दोन शब्द बोलायला सांगतील वाटलं होतं. वेळ नव्हता.

जेवणं दोन ठिकाणी होती. मंडळाच्या बायका सभामंडपात सतरंजीवर, पाहुणे मांडवात टेबलाला. मी सभामंडपाकडे गेले, चप्पल काढली. फुलाबाई वाढप सोडून धावत आली. म्हणाली, अगं बया, तुमी हितं नका बसू मॅडम, गुडघे दुखतील. पाव्हण्यांच्यात चला. माझी चप्पल तिने स्वतः पायाशी आणून ठेवली.

शेजारी बँकेचे मॅनेजर होते, नवीन बदलून आलेले. त्यांनी विचारलं, छान झालं भजन, तुम्ही यांच्यातल्याच का?

मी म्हटलं, नाही.

त्यांनी जिलबीचं ताट माझ्याकडे सरकवलं. घेतली एक.